त्या बिल्ल्यावर तुमचंच आडनाव आहे

या वेळचं पत्र अमेरिकेतल्या युटा राज्यातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई आणि त्यांचे यजमान नोकरीनिमित्त तेरा वर्षांपूर्वी सॉल्ट लेक सिटीजवळ स्थायिक झाले. एकुलता एक मुलगा तिथेच वाढला. कॉलेजच्या पहिल्या वर्षी, अठरा पूर्ण झाल्यावर, त्याने मित्रांच्या मॉर्मन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. वर्षभर एका गोदामात रात्रपाळी करून पैसे साठवले आणि दोन वर्षांच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराच्या बिनपगारी कामावर, पेरूमधल्या अरेकिपाला निघून गेला. आता त्याचे नऊ आठवडे उरले आहेत. दर सोमवारी व्हिडिओ कॉल येतो. हल्ली तो बोलता बोलता गप्प होतो, एकदा रडलाही. मागच्या सोमवारी कॉल चालू असताना शेजारी बसलेल्या मुलाला हसत म्हणाला, "मी ऑगस्टमध्ये मरणार." ताईंच्या पोटात गोळा आला. वडिलांचं म्हणणं, आल्या आल्या स्पष्ट सांगायचं, दोन वर्षं फुकट गेली, आता हे खूळ पुरे, डिग्री पूर्ण कर. ताईंनी सत्यनारायणाचा नवस बोलला आहे, तो मुलगा परतेल त्याच आठवड्यात चाळीस माणसांना बोलावून फेडायचा आहे. शिवाय चर्चमध्ये तो परतल्यावर भाषण करणार आहे, त्याला जावं का? आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे ही मुलं परतली की लगेच लग्न करतात. शेवटी त्यांनी लिहिलंय, "माझा मुलगा मला परत हवाय, एवढंच."

ताई,

आधी त्या एका वाक्याबद्दल, कारण त्याने तुमची झोप उडवली आहे. 'मरणार' हे मिशनवरच्या मुलांचं आपसातलं बोलणं आहे. मिशन संपवून घरी जाणं म्हणजे 'मरणं'. ही मुलं जोडीनेच काम करतात, आणि शेवटच्या काही आठवड्यांत जो जोडीदार सोबत असतो तो त्याला 'मारतो'. घरचे दिवस जवळ आले आणि कामावरचं लक्ष उडालं की त्या मुलाला 'ट्रंकी' म्हणतात, म्हणजे ट्रंक भरून बसलेला. तेव्हा तुमचा मुलगा हसत बोलला ते या अर्थाने.

तरीही येत्या सोमवारी सरळ विचारा. "तू मरणार म्हणालास, मी घाबरले. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का रे तुला?" असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तो हो म्हणाला किंवा नुसता गप्प राहिला, तर नऊ आठवडे थांबायचं नाही. त्याच्या मिशन प्रेसिडेंटला, म्हणजे तिथल्या मिशनच्या प्रमुखांना, त्याच दिवशी फोन करायचा. मुदतीआधी परत येता येतं, आणि तसं येणारी मुलं असतात. परतल्यावर कधी गरज पडलीच, तर अमेरिकेत ९८८ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

मात्र तुमच्या पत्रातल्या बाकी खुणा वाचून मला वाटतं, तो रडतोय ते वेगळ्या कारणाने.

तुम्ही असं धरून चालला आहात की मिशन संपलं म्हणजे चर्चही संपलं. यजमान 'खूळ' म्हणतात, तुम्ही 'परत हवाय' म्हणता, दोन्हींत हेच गृहीत आहे. पण ऑगस्टमध्ये त्याची फक्त एका जबाबदारीतून सुटका होईल. तो त्या चर्चचा सभासद राहणारच आहे. आणि हो, त्यांच्या चर्चचं पूर्ण नाव 'चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 'मॉर्मन' हे टोपणनाव वापरू नका, असं तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ साली सांगितलं, आणि बरेच सभासद ते मनापासून पाळतात. मुलासमोर एकदा तरी पूर्ण नाव घ्या. त्याच्या लक्षात येईल.

आता त्याच्या बाजूने बघा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तो पांढऱ्या शर्टात, मिस्ती डोंगराकडे पाठ करून उभा आहे. खिशावर काळा बिल्ला आहे. त्यावर 'एल्डर' ही मिशनवरच्या मुलांची उपाधी, पुढे तुमचं आडनाव, खाली स्पॅनिशमध्ये चर्चचं नाव. जवळपास दोन वर्षं तिकडे त्याला कुणी पहिल्या नावाने हाक मारलेली नाही. जोडीदारसुद्धा आडनावानेच बोलावतो. अरेकिपाच्या रस्त्यावर ते आडनाव लोकांनी अडखळत वाचलं असेल, विचारलं असेल, हे कुठलं? आणि प्रत्येक वेळी त्याने सांगितलं असेल, भारतातलं, माझे आईबाबा महाराष्ट्रातले. तुम्ही म्हणता तो आमचा राहिला नाही. अहो, तो तुमचं घराणं छातीवर लावून फिरतोय.

ऑगस्टमध्ये तो बिल्ला निघेल, आणि त्याच्यासोबत बरंच काही एका दिवसात निघून जाईल. ज्या भाषेत तो आता प्रार्थना करतो, कदाचित स्वप्नंही बघतो, ती भाषा जाईल. सकाळी साडेसहापासून रात्रीपर्यंत आखलेला दिवस जाईल. दोन वर्षांत तो क्वचितच एकटा राहिलाय, कारण जोडीदाराच्या नजरेआड जायचं नाही असा नियमच आहे. पहिल्या रात्री तुम्ही प्रेमाने त्याच्या खोलीचं दार ओढून घ्याल आणि आतली शांतता त्याला खायला उठेल. त्याच वेळी घरची ओढही खरी आहे. दिवस मोजतो म्हणून स्वतःची लाज वाटते, आणि दिवस संपू नयेत असंही वाटतं. विशी ओलांडलेल्या पोराला हे शब्दांत सांगता येत नाही. तो गप्प होतो.

युटातून मिशनवर गेलेल्या बऱ्याच मुलांच्या घरी बापाने मिशन केलेलं असतं, आजोबाने केलेलं असतं. सॉल्ट लेकच्या विमानतळावर त्यांच्यासाठी फलक आणि फुगे घेऊन अख्खं घर उभं असतं, हे तुम्ही पाहिलंच असेल. घरी गेल्यावर त्यांना विचारणारे असतात. पहिला जोडीदार कसा होता, शेवटची ट्रान्सफर कुठे झाली, कुणी दार आपटलं, कुणी जेवू घातलं. तुमचा मुलगा मात्र अशा घरी येतोय जिथे या दोन वर्षांबद्दल काही विचारायचं नाही असं जणू ठरलेलं आहे. तुम्हीच लिहिलंय, "फोनवर आम्ही जेवण, तब्येत आणि हवा एवढंच बोलतो, उगाच वाद नको." शंभरेक सोमवार झाले, ताई. वाद झाला नाही खरा. पण तुमचा मुलगा तिकडे काय करतो हे तुम्हाला माहीत नाही, आणि तुम्हाला ते जाणून घ्यायचं नाही हे त्याला पक्कं माहीत आहे.

माझा धाकटा मामा कॉलेज झाल्यावर दोन वर्षं धडगावच्या बाजूला आदिवासी मुलांची शाळा चालवायला गेला होता. परतला तेव्हा आजीने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पुरणपोळी केली, आणि चौथ्या दिवशी आजोबांनी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म पुढे ठेवला. मामाने तो मुकाट्याने भरला, बँकेत लागला, मॅनेजर होऊन निवृत्त झाला. घर विकायच्या वेळी माळ्यावरून त्याची लोखंडी ट्रंक काढली, तर तळाशी मुलांनी कोळशाने काढलेली चित्रं होती, पन्नासेक तरी. प्रत्येकाच्या मागे मामाच्या अक्षरात मुलाचं नाव आणि तारीख. आम्ही भाचरं तोंडात बोटं घालून बघत राहिलो. मामी म्हणाली, "मला कधी बोलले नाहीत." मामा म्हणाला, "कुणी विचारलंच नाही." आजी त्याच्यावर जीव टाकायची. तिला वाटलं, गेलं ते गेलं, पोरगा आला.

म्हणून यजमानांना माझी कळकळीची विनंती आहे की ते पहिल्या आठवड्यातलं भाषण त्यांनी करू नये. त्यांची काळजी रास्त आहे. दोन वर्षं शिक्षण थांबलं, बरोबरीची मुलं नोकरीला लागली, बापाला हे खुपणारच. मलाही धर्मप्रसार पटत नाही, दुसऱ्याच्या दारात जाऊन माझा देव घे म्हणणं मला रुचत नाही, हे मी लपवत नाही. या विषयावर मुलाशी वाद घालायचा हक्क तुम्हा दोघांना आहे आणि एक दिवस तो घाला, चांगला कडकडून घाला. पण 'दोन वर्षं फुकट गेली' हे वाक्य मात्र कायमचं गिळून टाका. ज्या मुलाने स्वतः ओझी उचलून मिशनचे पैसे जमवले, पगाराशिवाय दोन वर्षं राबला, नवी भाषा शिकला, रोज नकार ऐकून दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर पडला, त्याच्या वडिलांना त्याच्याबद्दल अभिमान वाटण्याजोगं यात काहीच नाही का? चर्च पटत नसलं तरी हे पटू शकतं.

शिक्षणाचं म्हणाल तर आत्ताच वाद न घालता एक काम करा. त्याने युनिव्हर्सिटीत रजा टाकली होती की नाव काढलं होतं, पुन्हा दाखल व्हायची मुदत कधी, हे कागद बघून ठेवा आणि त्याला विचारा, "मी चौकशी करू की तू ईमेल करतोस?" मिशनच्या शेवटी पुढच्या आयुष्याचा आराखडा मुलांनी करावा म्हणून चर्चचा स्वतःचा 'माय प्लॅन' नावाचा ऑनलाइन अभ्यास आहे. त्यात तू काय लिहिलंस, असं विचारलंत तर तो चकित होईल, आणि तुम्हालाही कळेल की तुमचं आणि त्याचं बरंच सारखं आहे.

आता सत्यनारायण. नवस तुमचा आहे, तुम्ही बोललात, तुम्ही फेडा. त्यात मुलाला यजमान म्हणून पाटावर बसवायचा बेत मात्र सोडा. त्याला न सांगता चाळीस माणसं बोलावणं हा तर त्याच्यावर अन्याय होईल. मंडळातली सगळी ओळखीची माणसं, प्रत्येकाच्या डोळ्यांत एकच प्रश्न, आणि तीर्थ पुढे केल्यावर तो हात पुढे करतो की नाही इकडे सगळ्यांचं लक्ष. त्याला आणि तुम्हाला दोघांनाही त्या परीक्षेला कशाला बसवता? पूजा महिनाभराने करा, घरच्या घरी करा. आधी त्याला सांगा, "मी तुझ्यासाठी बोलले होते. तू कुठे बसशील, काय करशील, काय नाही, ते तू ठरव." तो आरतीला उभा राहील किंवा स्वयंपाकघरात केळी कापत बसेल. दोन्ही चालेल असं आधीच सांगून टाका. गणपतीतही हेच.

चर्चमधल्या भाषणाला जा. दोघेही जा, साडी नेसून, कुंकू लावून जा, पुढच्या रांगेत बसा. रविवारची त्यांची सभा २०१९ पासून दोन तासांची झाली आहे, आणि भाषणं पहिल्या तासात होतात. मध्ये पावाचे तुकडे आणि पाणी यांचे ट्रे रांगेतून फिरतील. तुम्ही घ्यायचं नसेल तर शेजाऱ्याकडे पुढे द्या, कुणी काही म्हणणार नाही. तिथे बसलात म्हणून तुम्ही काही मान्य केलं असं होत नाही. मुलाने मराठी गॅदरिंगमध्ये पोवाडा म्हटला तेव्हा तुम्ही पुढच्या रांगेत होता ना?

त्याही आधी एक क्षण आहे, तो चुकवू नका. विमानतळावर उतरला तरी तो मिशनरीच असतो. स्थानिक स्टेक प्रेसिडेंट, म्हणजे त्या भागातल्या चर्चचे प्रमुख, त्याला भेटून रीतसर मोकळं करतात, तेव्हा मिशन संपतं, आणि बहुधा तेव्हाच बिल्ला उतरतो. घरचे लोक सभासद नसले तरी त्या भेटीला जाऊ शकतात. मुलाला विचारा, "आम्ही येऊ का?" आणि जमत असेल तर बिल्ला तुमच्या हाताने काढू दे का, तेही विचारा. काढलात की जपून ठेवा, आणि लगेच त्याच्या नावाने हाक मारा. तुमचं घरातलं लाडाचं नाव असेल त्याने मारा.

लग्नाची भीती. त्या समाजात लग्नं लवकर होतात हे खरं आहे, पण विमानतळावरून कुणी बोहल्यावर चढत नाही. तुमच्या मनातली खरी भीती वेगळी असावी असं मला वाटतं. त्यांचा विवाहविधी मंदिरात, म्हणजे रविवारच्या चर्चहून वेगळ्या त्यांच्या टेंपलमध्ये, होतो आणि तिथे बाहेरच्यांना, अगदी आईबापांनाही, प्रवेश नसतो, हे तुम्ही ऐकलं असणार. ते खरं आहे, आणि एका आईसाठी फार कठोर आहे. मात्र मे २०१९ मध्ये चर्चने नियम बदलला. पूर्वी अमेरिकेत आधी बाहेर लग्न केलं तर मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागे. आता ती अट नाही. आधी सगळ्यांसमोर लग्न, मग मंदिर, असं करता येतं. उद्या खरोखर वेळ आली, तर अक्षता टाकायला तुम्ही समोर असाल असं लग्न होऊ शकतं. हे मनात ठेवा आणि हा विषय त्याच्याकडून निघेपर्यंत काढू नका.

'आमचा राहिला नाही' या भीतीवर एक आठवण करून देते. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. टिळक मात्र ख्रिस्ती झाल्यावरही मराठीतच अभंग लिहीत राहिले, तुकोबांना उराशी धरून राहिले. लक्ष्मीबाईंची तडफड शंभर वर्षांहून जुनी आहे, पण तुमचं पत्र वाचताना मला त्याच आठवल्या. धर्म बदललेल्या माणसाची भाषा, चव, आईची ओढ जागच्या जागी असते. तिला जागा ठेवली तर ती दिसते.

जागा ठेवायची म्हणजे काय, तर अगदी चहापासून सुरुवात. त्यांच्यात चहा-कॉफी चालत नाही. सकाळी सवयीने तिसरा कप ओतू नका आणि 'एक घोट तर घे' म्हणू नका. त्याला मसाला दूध द्या, कोकम सरबत द्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो दोन वेळचं जेवण सोडेल. तुम्ही संकष्टी करता, तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको. पोटाची तपासणी पहिल्या महिन्यात करून घ्या, दोन वर्षं बाहेरचं पाणी आहे. पहिले काही आठवडे तो खूप झोपेल, किंवा सुचेनासं होऊन घरभर फिरेल, मराठी बोलताना मध्येच स्पॅनिश शब्द येईल. येऊ द्या. पण दोन-तीन आठवडे उलटूनही जेवण-झोप सुधारत नसेल, माणसांत यावंसं वाटत नसेल, तर युनिव्हर्सिटीच्या समुपदेशकाकडे न्या.

अशी पत्रं मला वेगवेगळ्या घरांतून येतात. कुणाची मुलगी आश्रमात राहून परतते, कुणाचा मुलगा संघटनेचं पूर्णवेळ काम सोडून येतो. घरच्यांना तो रस्ता पटलेला नसतो, म्हणून परतीच्या दिवशी सुटल्याचा आनंद होतो. तिकडे परतणारा माणूस दुखवट्यात असतो. त्या घरांनीही हे पत्र आपलं समजावं.

आता या सोमवारचं. तुम्ही ओझरतं लिहिलंय की तो तिकडे एका बाईला 'मामिता' म्हणतो आणि ते ऐकून तुम्हाला आत काहीतरी टोचतं. पेरूत मिशनच्या मुलांना जेवण रांधून देणाऱ्या बाया असतात, 'पेन्सियोनिस्ता' म्हणतात त्यांना. अरेकिपाचा नावाजलेला पदार्थ आहे रोकोतो रेयेनो. तिखटजाळ रोकोतो मिरची कोरून आत खिमा भरतात, वर चीज घालून भाजतात. म्हणजे तुमच्या भरल्या मिरचीची चुलत बहीणच. ती बाई गेले कित्येक महिने तुमच्या मुलाला वाढते आहे. त्याला म्हणा, "तुझ्या मामिताला फोनवर बोलाव, मला भेटायचंय." तुम्हाला स्पॅनिश येत नाही, तिला मराठी येत नाही, मध्ये तो बोलेल. तिला सांगा, माझ्या मुलाला जेवू घातलंत, ग्रासियास. आणि ती मिरची कशी भरते, ते विचारून घ्या. पेन जवळ ठेवा.